रविवारी मोटर दुरुस्त करणाऱ्या क्लार्कला

ताई, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला, वय २८. आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, मग बीए, मग काही वर्षं स्पर्धा परीक्षा, आणि तीन वर्षांपूर्वी एका सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो. पोस्टिंग नंदुरबार जिल्ह्यात, टेबल आवक-जावक. दिवसभर टपाल घ्या, नंबर टाका, रजिस्टरला चढवा, पुढच्या टेबलाला पाठवा. पहिले सहा-आठ महिने भारी वाटायचं, आता सोमवार म्हटलं की पोटात गोळा येतो. शुक्रवारी रात्री ताप्ती लाइनची गाडी धरून घरी येतो, आणि मग दोन दिवस गावातले लोक मोटरचे स्टार्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर घेऊन दारात. ते दुरुस्त करताना जेवायचं भान राहत नाही. मध्यंतरी ऑनलाइन करिअर टेस्ट दिली, पाचशे रुपये घेतले, त्यात आलं की तू 'रियलिस्टिक' टाइपचा, ऑफिसचं काम तुझ्यासाठी नाहीच. आता वाटतं नोकरी सोडून सावद्याला दुरुस्तीचं दुकान टाकावं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, 'शेतकऱ्याच्या पोराला लोकं पोरी देत नाही, आन हा हातची नोकरी सोडून राह्यला!' लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे. तिला अजून काही सांगितलं नाही. मानसशास्त्र काय म्हणतं, आवडीचं काम करावं की नोकरी धरून ठेवावी?
— एक क्लार्क, रावेर तालुका

भाऊ, तुझ्या पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तू शेवटी शेवटी घाईत लिहून टाकलीयस, 'तिला अजून काही सांगितलं नाही'. त्यावर येतेच मी, पण आधी त्या पाचशे रुपयांच्या टेस्टचं काय ते बघू, कारण सगळा भार तू त्या टेस्टवरच टाकून बसलायस.

टेस्ट खोटी नाही. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये ही मांडणी पहिल्यांदा छापली, माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार: हाताने काम करणारा, शोधक, कलेत रमणारा, माणसांत रमणारा, धंदा-पुढारपण करणारा आणि कागदपत्रं-हिशोब टापटीप ठेवणारा. पहिल्याला तो रियलिस्टिक म्हणतो. जगभर अजून हीच वापरतात, करिअरच्या बऱ्याच टेस्ट याच्यावरच बेतलेल्या असतात. पण टेस्टवाल्यांनी तुला एक गोष्ट सांगितली नाही. हॉलंडने हे सहा प्रकार एका षटकोनावर बसवलेत, शेजारी-शेजारी असलेले एकमेकांसारखे आणि समोरासमोरचे एकमेकांपासून सगळ्यात लांब. त्या षटकोनात रियलिस्टिकचा एक शेजारी आहे शोधक आणि दुसरा शेजारी आहे तोच रजिस्टरवाला, कागदपत्रं टापटीप ठेवणारा! समोरच्या टोकाला आहे माणसांत रमणारा, म्हणजे माझं हे सल्ला द्यायचं काम तुला जमणार नाही असं टेस्टने म्हटलं असतं तर एकवेळ चाललं असतं, पण ऑफिसचं काम 'नाहीच' हे त्यांनी पदरचं घातलंय.

आणि समज तसं नसतं तरी. आवड आणि काम जुळलं की माणूस किती खूश राहतो, यावर बऱ्याच संशोधकांनी मोजमापं केलीत, आणि मग ती सगळी एकत्र करून बघणारे अभ्यास झालेत. १९९३ च्या अशा एका अभ्यासात संबंध आला ०.२० आणि २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात ०.१९. शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पक्का. ०.२० म्हणजे लोकांच्या समाधानात जो कमी-जास्तपणा दिसतो त्यातला साधारण चार टक्के हिस्सा आवडीच्या जुळण्याने समजतो, बाकीचा दुसऱ्या कशानेतरी. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नव्हतं, कारण आपण सगळे 'आवडीचं क्षेत्र निवडा' हेच दहावीच्या पोरांना सांगत असतो. पण आकडा सत्तावीस वर्षांनी पण जवळपास तिथेच आहे, तेव्हा मानायला पाहिजे.

मग बाकीचं कशात आहे? बरंचसं त्या दिवसात आहे, म्हणजे कामाचं नाव काय यापेक्षा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुझ्या हातून नेमकं काय होतं त्यात. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी १९७६ मध्ये यावर एक मॉडेल मांडलं, आणि मला वाटतं तुझ्या पत्राचं उत्तर जवळपास पूर्ण त्यात आहे. ते म्हणतात कामात पाच गोष्टी बघा: वेगवेगळी कौशल्यं लागतात का, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून पुरं होतं का, त्याचा कोणाला उपयोग होतोय का, कसं करायचं हे आपण ठरवतो का, आणि बरं झालं की वाईट झालं हे आपल्याला कळतं का.

आता तुझं टेबल घे. एखाद्या आजीबाईचा वारस नोंदीचा अर्ज आला, तू शिक्का मारला, आवक नंबर टाकला, फाइल पुढे गेली. तुझं काम झालं, पण अर्जाचं काय झालं? ती आजी परत आली का, तिचं नाव लागलं का, की त्रुटी काढून परत पाठवलं, तुला काही म्हणजे काही कळत नाही. तोच शिक्का, तेच रजिस्टर, पुढच्या टेबलावर कोण बसतं ते पण तुझ्या हातात नाही. पाचपैकी उपयोग तेवढा आहे, टपाल नीट नोंदलं नाही तर लोकांचे हाल होतात, पण तो तुला दिसतच नाही.

आणि रविवार बघ. शेतकरी येतो, म्हणतो तिन्ही फेज येऊन राहिले पण स्टार्टर धरत नाही. तू झाकण उघडतोस, वास घेतोस, नोव्होल्ट कॉइल (स्टार्टर धरून ठेवणारी गुंडाळी) गेलीय की पॉइंट जळालेत ते टेस्टर लावून बघतोस, पॉलिश पेपरने पॉइंट घासून चालेल की बदलायचे हे तूच ठरवतोस. मग हिरवं बटन दाबलं की खट्, आणि मोटर उचलते. अर्ध्या तासात ठिबकच्या नळ्या भरतात. कळलं ना बरं झालं की नाही, आणि कोणाला विचारावं पण लागलं नाही! पाचही गोष्टी एका स्टार्टरमध्ये. म्हणून माझं म्हणणं असं की तुझा प्रॉब्लेम ऑफिस नाहीये आणि पाना-पक्कड हा इलाज नाहीये. तुला तुकडा पाडलेलं काम सहन होत नाही, तुला शेवट दिसणारं काम पाहिजे, आणि तसं काम दुकानात पण मिळू शकतं आणि ऑफिसातल्या दुसऱ्या टेबलावर पण. जनतेशी थेट संबंध येणारं, एक प्रकरण आलं की निकाली निघेपर्यंत आपल्याचकडे असणारं टेबल प्रत्येक ऑफिसात एखादं तरी असतं, आणि कटकटीचं म्हणून लोक ते टाळतात, म्हणजे मागितलं तर मिळायची शक्यता बरी आहे. तू कधी मागितलंयस का? पत्रात तरी दिसलं नाही.

आता रविवारबद्दल थोडं कडू बोलते, रागावू नको. तू दोन दिवस काम करतोस, फुकट करतोस, आणि करतोस ते ओळखीच्या लोकांचं. चहा मिळतो, 'पोरगं हुशार आहे' ऐकायला मिळतं. दुकान टाकल्यावर मंगळवार येणार आहे. मंगळवारी तोच माणूस म्हणेल दोनशे रुपये कसले, पॉइंट तर घासले फक्त. आवडीच्या कामाचे पैसे मिळायला लागले की काय होतं यावर एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग आहे, कॉलेजच्या पोरांना कोडी सोडवायला दिली, काही जणांना त्याचे पैसे दिले, आणि पैसे बंद झाल्यावर त्या पोरांनी मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. यावर पुढे खूप भांडणं झाली संशोधकांमध्ये, सगळीकडे असंच होतं असं नाही. पण रविवारच्या अनुभवावरून सहा दिवसांचा हिशोब मांडू नये एवढं तरी त्यातून घ्यायला हरकत नाही. दुसरं, 'पहिले सहा-आठ महिने भारी वाटायचं' हे तूच लिहिलंयस. बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वरच्या हुद्द्याच्या मॅनेजर लोकांवर हेच दाखवलं, नोकरी बदलली की समाधान उसळतं आणि नंतर खाली येतं. नव्या नवरीसारखे ते दिवस, सरतात. दुकानाचे पण असे दिवस येतील आणि जातील, तू नोकरीच्या उतरलेल्या दिवसांची तुलना दुकानाच्या न आलेल्या पहिल्या दिवसांशी करतोयस, ती बरोबरीची नाही.

मध्येच एक सांगून टाकते, मिनेसोटात वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या ३४ जुळ्या जोड्यांवर १९८९ मध्ये अभ्यास झाला, त्यात निघालं की कामातल्या समाधानाच्या फरकातला साधारण ३० टक्के भाग जन्मजात स्वभावाकडे जातो. काही माणसं सोन्याच्या खुर्चीत पण कुरकुरतात. तू त्यातला वाटत नाहीस, नाहीतर शनिवार-रविवारी पण कुरकुरला असतास.

आता पैसा. इथे पण संशोधन ऐकून लोक भलताच अर्थ काढतात. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांचा २०१० चा एकत्रित अभ्यास आहे, पगार किती आणि माणूस कामात किती समाधानी यातला संबंध ०.१५. लगेच इन्स्टावर रील येतात की पैशाने सुख मिळत नाही. अरे पण तो अभ्यास कमी पगार आणि जास्त पगार यांच्याबद्दल आहे, दर महिन्याला येणारा पगार आणि कधी येईल माहीत नाही असा पैसा यांच्याबद्दल नाही. क्लार्कच्या एस-६ या वेतनस्तराचं १९,९०० बेसिक ऐकायला लहान वाटतं, आणि महागाई भत्ता धरून पण तू काही बंगला बांधणार नाहीस, पण तो एक तारखेला पडतो.

आणि रावेर-सावदा पट्ट्यात ही गोष्ट जास्त खोल आहे, बहुतेक तू तिच्यात जन्मला म्हणून तुला दिसत नसेल. तुझ्या वडिलांची शेती केळीची असणार, पत्रात नाही पण धरून चालते. दुकानाची गिऱ्हाइकं कोण? केळीवालेच. म्हणजे मे-जूनमध्ये एक वादळ आलं आणि बागा आडव्या झाल्या की घरचं उत्पन्न पण गेलं आणि दुकानाची वसुली पण गेली, एकाच दुपारी. बोर्डाचा, म्हणजे केळीचा बाजारात जाहीर होणारा भाव पडला की तेच, केळीवर व्हायरस आला की तेच. 'घड कापले की देतो' हे वाक्य तू लहानपणापासून ऐकलंयस, फरक एवढाच की आता ते तुला ऐकवलं जाईल. तुझ्या घरात केळीशी संबंध नसलेला एकच पैसा आहे आणि तो तुझा पगार आहे. वडील जे बोलले ते पोरींचं निमित्त करून बोलले, पण त्याच्या खाली ही भीती आहे आणि ती वेडी भीती नाही.

सोलरचं पण बघ. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत जे पंप बसताहेत त्यांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. म्हणजे त्या गिऱ्हाइकाने तुझ्याकडे यायचं कारणच काय, कंपनीकडे तक्रार करेल ना तो! कंपनीचा माणूस वेळेवर येत नाही म्हणून येईल कदाचित, पण मग तू हात लावल्यावर हमीचं काय होतं, हे आधी कागद वाचून समजून घे. याउलट कंपन्यांना तालुक्यात सर्व्हिसला माणसं लागतातच, तो रस्ता स्वतःच्या दुकानापेक्षा वेगळा आहे पण रस्ता आहे.

तू म्हणशील ताई पण वडिलांच्याच बाजूची निघाली. नाही रे. दुसरी बाजू पण आहे आणि ती लपवणं बरं नाही. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने एक गमतीदार प्रयोग केला, २०२१ मध्ये छापून आला, की ज्यांचा निर्णय होत नव्हता अशा हजारो लोकांना नाणेफेक करायला लावली. छापा आला तर बदल करा, काटा आला तर आहे तिथे राहा. नोकरी सोडणं वगैरे मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी न बदललेल्यांपेक्षा जास्त खूश होते. अडलेला माणूस बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त दिवस अडून बसतो असं त्यातून दिसतं. फक्त सहा महिने म्हणजे तेच बॉसवेलवाले चांगले दिवस, हे पण लक्षात ठेव. आणि ती माणसं अमेरिकेतली, त्यांच्या नोकरीवर कोणाचं लग्न ठरलेलं नव्हतं.

त्यावरून वडिलांचं. टँग, फौआद आणि स्मिथ यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आशियाई कुटुंबांतल्या कॉलेजच्या पोरांवर अभ्यास केला, करिअर निवडताना घरच्यांचा सहभाग मोठा निघाला आणि स्वतःच्या आवडीचा निवडीशी तसा संबंधच दिसला नाही. तेव्हा हे फक्त आपल्या खान्देशातच चालतं असं काही नाही, सातासमुद्रापार गेलं तरी बाप मागून येतोच. वडिलांशी आवड-बिवड या भाषेत बोलू नको, त्यांना ती चैन वाटते. त्यांना पिकाचा हिशोब समजतो, तसा हिशोब मांड: भाडं इतकं, सामान इतकं, उधारी इतकी अडकेल, घरखर्च इतक्या महिन्यांचा बाजूला ठेवलाय. तो मांडता येत नसेल तर तुझी तयारी झालेली नाही, आणि ते वडिलांच्या आधी तुला कळलेलं बरं.

आणि आता ती.

तिच्याबद्दल तुझ्या पत्रात एकच वाक्य आहे. ती काय शिकलीय, नोकरी करते का, तिला नंदुरबारला राहायचंय की रावेरला, एक शब्द नाही. तिच्या घरच्यांनी होकार दिला तो 'सरकारी नोकरीत' या बायोडेटातल्या ओळीला पण दिलाय, हे तुला माहितीये आणि म्हणूनच तू गप्प आहेस. लग्नानंतर सहा महिन्यांनी राजीनामा दिलास तर ती फसवणूक ठरेल, तुझ्या मनात तसं नसलं तरी. तिला तारखेच्या आधी सांग, फोनवर नको, भेटून, आणि दोघांच्या मोठ्यांना मध्ये न घालता. 'मी नोकरी सोडणार आहे' असं नाही, कारण ते अजून खरं पण नाही. मला या टेबलावर बरं वाटत नाही, वर्षभर मी हे तपासणार आहे, त्यात दुकान पण एक शक्यता आहे, तुला काय वाटतं, एवढं. ती नाही म्हणाली आणि लग्न मोडलं तर वाईट होईल, घरात मोठा गोंधळ होईल, लोक वर्षभर बोलतील. तरी लग्नानंतर कळण्यापेक्षा ते कमी वाईट. आणि ती 'बरं, हिशोब दाखव' म्हणाली तर तुला आयुष्यभराचा पार्टनर मिळाला, हे मी काही कुठल्या रिसर्चवरून सांगत नाही.

राजीनामा आत्ता देऊ नको. डॅनियल गिल्बर्ट यांचे १९९८ चे प्रयोग आहेत, त्यात प्राध्यापकांना विचारलं होतं की नोकरीत कायम झालात तर किती खूश व्हाल आणि नाही झालात तर किती दुःखी. तो अंदाज चुकला, काही वर्षांनी कायम झालेले आणि न झालेले जवळपास सारखेच खूश. पुढे आपल्याला कसं वाटेल याचा घरी बसून केलेला अंदाज लई कच्चा असतो. म्हणून अंदाज करू नको, जाऊन बघ. रजा नियमांप्रमाणे तुला वर्षाला ३० दिवस उपार्जित रजा जमा होते, त्यातली पंधरा दिवस उन्हाळ्यात काढ, एप्रिल-मे, पारा ४५ ला असतो, व्होल्टेज पडतं आणि मोटरी जळतात तेव्हा. सावद्यात नको, तिथे सगळे ओळखीचे. चोपड्याला नाहीतर भुसावळला एखाद्या जुन्या रिवाइंडिंगवाल्याकडे (जळालेल्या मोटरीची तार नव्याने गुंडाळणाऱ्याकडे) जाऊन बस, बिनपगारी, शिकायला आलोय म्हण. रोज रात्री वहीत लिही, किती कामं आली, किती रोख, किती उधार, कोणत्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कोणत्या वेळी घड्याळाकडे बघितलंस. भर उन्हात बारावा दिवस काढल्यावर पण स्टार्टर उघडावासा वाटला तर मग बोलू. त्याआधी टेबल बदलून मागायचा अर्ज मात्र या महिन्यातच दे, त्याला उन्हाळ्याची वाट बघायची गरज नाही. आणि आयटीआयमध्ये शिल्प निदेशकाच्या, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्याच्या जागा निघतात त्यावर पण लक्ष ठेव, पात्रता काय लागते ते नीट वाच, नोकरी आणि दुकान सोडून तिसरं पण काही असू शकतं.

एक गोष्ट सांभाळ. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत परवानगीशिवाय खासगी धंदा चालत नाही. रविवारी शेजाऱ्याचा स्टार्टर फुकट बघून देणं वेगळं आणि बिल फाडणं वेगळं, उद्या कोणी तक्रार केली तर नोकरी सोडायचा निर्णय तुझ्या हातात राहणार नाही. 'बायकोच्या नावावर दुकान, चालवतो मी' हा सल्ला तुला गावात पहिल्याच दिवशी मिळेल, तो घेऊ नको. तिला स्वतःला खरंच चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण घरातल्या कोणाचा धंदा असला तरी तो ऑफिसला लेखी कळवावा लागतो. मे संपला की ती वही घेऊन परत लिही, उधारीचा आकडा सगळ्यात वर लिही.